पाच मिनिटांचं काम आणि तेवीस किल्ल्या

"अरे, पाच मिनिटांचं तर काम आहे. रविवारी येऊन जा ना."

हे वाक्य ऐकलं की हल्ली मी सावध होतो. संगणकाच्या धंद्यात पाच मिनिटांची कामं दोन प्रकारची असतात. काही खरोखर पाच मिनिटांत होतात, आणि काही पाच मिनिटांत झाली असं वाटतं. सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सोय, म्हणजे आपली एसएसएच, ही पक्की दुसऱ्या प्रकारातली.

बोलावणारे काका माझ्या मित्राचे वडील. भोसरीला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवतात. माल किती, बिलं किती, कोणाचे पैसे यायचेत हे सगळं एका जुन्या सर्व्हरवर चालायचं, आणि तो जिन्याखाली पंख्याच्या कृपेनं जिवंत होता. आता त्यांनी भाड्यानं नवा सर्व्हर घेतला होता, पब्लिक आयपी पत्त्यासकट. मी करायचं इतकंच, की त्यावर लॉगिनची सोय करून द्यायची. जुन्याची सोयही २०१६ साली मीच करून दिली होती, तेव्हा हक्कानं बोलावणं आलं. काकूंच्या हातचे पोहे हे मानधन!

बसवायला किती वेळ लागला म्हणाल, तर खरंच पाच मिनिटंसुद्धा नाही. भाड्याच्या सर्व्हरवर ओपनएसएसएच बहुतेक आधीच बसवलेलं येतं. नसेल तर एक आज्ञा टंकायची, एंटर दाबायचं, झालं. पोहे अजून कढईतच होते.

आणि माझं म्हणणं नेमकं इथेच सुरू होतं. ही सेवा बसवणं इतकं सोपं झालंय की तेवढं केलं म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त दार बसवलेलं असतं. त्या दाराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत आणि परत कोण मागणार, हे काम राहूनच जातं. ते कुठल्याच सॉफ्टवेअरला जमणार नाही, आपल्यालाच करावं लागतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच गोम आहे. एसएसएच यायच्या आधी लोक टेलनेटनं लॉगिन करायचे. त्यात टंकलेलं सगळं तारेवरून उघडं जायचं, पासवर्डसुद्धा. मधल्या एखाद्या यंत्रावर कोणी कान लावून बसला तर त्याला आयते पासवर्ड मिळायचे. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर नेमकं हेच झालं. तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकानं त्यावर उतारा म्हणून सगळी बातचीत कुलूपबंद करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याच वर्षी जगाला वाटून टाकला. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यानं मागितला आणि त्याला मिळाला. आजही तोच आहे. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच घडवलं. आज बहुतेक सर्व्हरांवर तेच असतं.

म्हणजे ही व्यवस्था जन्मली ती तारेवर कान लावणाऱ्यापासून वाचवायला. ते काम ती चोख करते. पण दारात उभा असलेला माणूस खरंच आत यायचा माणूस आहे का, हे ती कसं ठरवते? आपण दिलेल्या यादीवरून. यादी चुकली तर ती चुकीच्या माणसाला अगदी सुरक्षितपणे, कडेकोट बंदोबस्तात आत घेऊन येते :)

आता पासवर्ड. नवा सर्व्हर चालू केला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी लॉग उघडला तर दोनेक हजार वेळा कोणीतरी दार ठोठावून गेलं होतं. 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट', 'उबुंटू', अशा नावांनी. काका घाबरले, "आपल्यावर कोण डूख धरून बसलंय रे?" कोणी नाही हो काका. ही यंत्रं आहेत, जगातल्या प्रत्येक पत्त्यावर रोज फिरतात, दूधवाल्यासारखी. त्यांना तुमचं नावही माहीत नाही. पण तुमच्या कोणा कर्मचाऱ्यानं 'भोसरी१२३' असा पासवर्ड ठेवला असेल तर मात्र ती आत येतील.

म्हणून पहिलं मत ठाम आहे: पासवर्डनं लॉगिन बंद. एखाद्यापुरतं, तात्पुरतं, 'साहेबांना किल्लीचं जमत नाही म्हणून' चालू असं काही नाही. सरसकट बंद. किल्ल्यांची जोडी बनवायची. तिचा गुप्त अर्धा भाग माणसाच्या लॅपटॉपवरच राहतो, जाहीर अर्धा सर्व्हरवर. अंदाज बांधून अशी किल्ली बनवणं यंत्राला जन्मात शक्य नाही. जोडी बनवताना सांकेतिक वाक्य विचारलं जातं, तिथे रिकामं एंटर मारायचं नाही. ते वाक्य नसेल तर लॅपटॉप चोरणाऱ्याला किल्ली फुकट मिळते.

बंद करताना एक गंमत आहे, ती सांगून ठेवतो. अनेक जणांचा इथे पोपट होतो. एसएसएचडी_कॉन्फिग या फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, आता बंद झालं असं समजून आपण घरी जातो. पण या फाइलचा नियम असा की एकच गोष्ट दोनदा लिहिली असेल तर पहिली धरली जाते, शेवटची नाही. बहुतेक जणांना उलटं वाटतं. शिवाय डेबियन-उबुंटूमध्ये या फाइलच्या अगदी वरच्या बाजूला शेजारच्या फोल्डरातल्या फाइली ओढून घेतलेल्या असतात. भाड्याच्या सर्व्हरवर त्या फोल्डरात सर्व्हर उभा करणाऱ्या स्क्रिप्टनं 'येस' लिहिलेली फाइल बऱ्याचदा टाकून ठेवलेली असते. म्हणजे तुमचं 'नो' खाली बसून राहतं आणि वरचं 'येस' राज्य करतं. काकांच्या सर्व्हरवर हेच निघालं.

म्हणून फाइलीत काय लिहिलंय हे बघू नका, सेवेला विचारा. 'एसएसएचडी' या आज्ञेला कॅपिटल 'टी'चा पर्याय दिला की ती प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग ओकून दाखवते. त्यात 'केबीडी-इंटरॅक्टिव्ह' नावाचं भावंडही बंद आहे ना ते बघा. नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागच्या दारातून तोच पासवर्ड विचारला जातोय, असंही होतं. आणि शेवटी दुसऱ्या यंत्रावरून मुद्दाम किल्ली न वापरता लॉगिन करून बघा. 'परमिशन डिनाइड' आलं, तेही पासवर्ड न विचारता, तर खरं.

हे सगळं करताना एक खिडकी लॉगिन झालेल्या अवस्थेत उघडी ठेवा. सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीचं कनेक्शन तुटत नाही. काही चुकलं तर त्याच खिडकीतून दुरुस्ती करता येते. मी एकदा हे विसरलो होतो आणि रात्री अकराला दुसऱ्या शहरातल्या माणसाला फोन करून सर्व्हरपाशी पाठवावं लागलं होतं. तो माणूस आजही माझ्याशी जपूनच बोलतो. असो.

पोर्ट बदलावा का, हा आपल्याकडे आवडता वाद आहे. २२ सोडून २२२२ करा, ५०२२ करा, मग कोणाला सापडत नाही, म्हणतात. माझं मत असं, की करायचं तर करा, लॉग स्वच्छ राहतो, डोक्याला शांतता. पण त्याला सुरक्षा म्हणू नका. घराचा नंबर पुसून टाकला म्हणून चोर फसत नाही, पोस्टमन फसतो. काकांच्या ऑफिसातला मुलगा मला म्हणाला, "सर, आमचा जुना सर्व्हर एकदम सेफ आहे, पोर्ट बदललाय." म्हटलं, बघू तरी.

आणि मग आम्ही जुन्या सर्व्हरवरची ऑथोराइज्ड_कीज नावाची फाइल उघडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणाकोणाला आत घ्यायचं याची यादी म्हणजे ही फाइल. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीला एक किल्ली. ओळीत आधी किल्लीचा प्रकार, मग अगम्य अक्षरांची माळ, आणि शेवटी एक शेरा. हा शेरा कोणी तपासत नाही. तिथे मी 'राष्ट्रपती' लिहिलं तरी चालतं. किल्ली कोणी घातली, कधी घातली, कशासाठी घातली, यातलं काहीही त्या फाइलीत आपोआप येत नाही. आणि आपण मुद्दाम घातली नाही तर किल्लीला मुदत नसते. एकदा ओळ चिकटवली की ती राहते, माणूस राहो न राहो.

काकांच्या सर्व्हरवर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, फाइलीत २३ ओळी होत्या. ऑफिसात संगणकाचं काम करणारी माणसं ५.

शेरे वाचायला लागलो. 'न्यू लॅपटॉप'. 'रूट अॅट लोकलहोस्ट', तेही तीनदा. 'टेंप'. टेंप! एक मुलगा २०१८ मध्ये नोकरी सोडून गेला होता, त्याच्या दोन. बिलांचा प्रोग्राम लिहून देणाऱ्या माणसाच्या चार. त्याच्याशी पैशांवरून भांडण होऊन काकांनी संबंध तोडले होते. संबंध तुटले, किल्ल्या राहिल्या. बाकी बऱ्याच ओळींना शेराच नव्हता.

आणि अकराव्या ओळीवर माझ्या जुन्या लॅपटॉपचं नाव.

आधी मला हसूच आलं. मग हसू गेलं. तो लॅपटॉप मी २०१९ मध्ये एका कॉलेजच्या पोराला विकला होता. त्या किल्लीला सांकेतिक वाक्य नव्हतं, कारण २०१६ साली मीही रिकामं एंटर मारणाऱ्यांतलाच होतो. विकताना डिस्क नीट पुसली होती का? पुसली होती, असं मला आठवतंय. पण 'आठवतंय' हा शब्द अशा ठिकाणी किती कुचकामी असतो, ते त्या क्षणी कळलं. एका माणसाच्या आयुष्यभराच्या धंद्याची सगळी बिलं, गिऱ्हाइकांचे हिशेब, कामगारांच्या बँक खात्यांचे नंबर, हे सगळं माझ्या एका अंधुक आठवणीवर इतकी वर्षं टांगलेलं होतं. आणि दार 'एकदम सेफ' होतं. पोर्ट बदललेला ना!

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की पासवर्ड वाईट, किल्ल्या चांगल्या. ते खरंच आहे. पण त्यातलं अर्धं मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच उमगलं नव्हतं. पासवर्ड वाईट असला तरी तो बदलण्याची आपल्याला निदान सवय तरी असते. माणूस गेला की कोणीतरी म्हणतं, "अरे, पासवर्ड बदला." किल्लीबद्दल असं कोणी म्हणत नाही. ती इतकी मजबूत असते की आपण तिला विसरूनच जातो.

आणि किल्ली मजबूत असतेच असंही नाही. डेबियनची २००८ सालची गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये एक बदल केला गेला आणि त्यात चुकून यदृच्छेचा उगमच आटला. किल्ली बनवताना बदलता राहिला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक. परिणाम असा की त्या काळात डेबियन किंवा उबुंटूवर बनवलेली किल्ली, तिचा प्रकार आणि लांबी माहीत असेल तर, फक्त ३२,७६८ शक्यतांपैकी एक असायची. सगळ्या शक्यता आधीच बनवून ठेवता येतील इतक्या कमी! १३ मे २००८ ला हे जाहीर झालं. दुरुस्ती लगेच आली, पण दुरुस्तीनं आधी बनलेल्या किल्ल्या बदलत नाहीत. त्या शोधून काढाव्या लागतात. २०१५ मध्ये एका अभ्यासकानं गिटहबवरच्या जाहीर किल्ल्या तपासल्या, तेव्हा त्यात त्या काळातल्या कमकुवत किल्ल्या अजूनही सापडल्या आणि गिटहबनं त्या रद्द केल्या. सात वर्षं! सॉफ्टवेअर दुरुस्त झालं होतं, यादी झाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही. २०२४ साल तर एसएसएचसाठी भलतंच गेलं. मार्चच्या शेवटी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं खोदकाम केलं, तर एक्सझेड या दाबसंक्षेपाच्या लायब्ररीत कोणीतरी चोरदार बसवलेलं निघालं. त्यासाठी त्या प्रकल्पात दोनेक वर्षं विश्वास कमावला होता. नशीब की ते बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आत सापडलं. मग १ जुलैला खुद्द ओपनएसएसएचमधली एक चूक जाहीर झाली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडलं होतं. तेव्हा अपडेट लावायचेच, आपोआप लागतील अशी व्यवस्था करायची, आणि जमत असेल तर हे दार सगळ्या जगाला न दाखवता व्हीपीएनच्या आत ठेवायचं.

पण यातला फरक बघा. ती भोकं शोधायला जगभरची हुशार माणसं बसलेली आहेत. दुरुस्ती तुमच्यापर्यंत चालत येते. तुमच्या सर्व्हरवरची अकरावी ओळ शोधायला मात्र फिनलंडहून कोणी येणार नाही.

बरं, काकांना हे समजावायचं कसं? मी किल्ली, एन्क्रिप्शन, फिंगरप्रिंट वगैरे सुरू केलं तर त्यांचा चेहरा कोरा. मग माझं लक्ष त्यांच्या खुर्चीमागच्या लाकडी फळीकडे गेलं. फळीवर वर्कशॉपच्या शटरच्या, गोडाऊनच्या, कपाटांच्या किल्ल्या, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर. खाली एक लाल वही. कोणी नेली, कधी नेली, सही. मागे एक सुपरवायझर सोडून गेला तेव्हा त्यानं किल्ली परत दिली होती, तरी काकांनी शटरचं कुलूप बदललं होतं. "नक्कल केली असेल तर कोणाला काय कळणार?" हे त्यांचंच वाक्य.

म्हटलं, "काका, या फाइलीत तुमच्या गोडाऊनच्या २३ किल्ल्या बाहेर आहेत आणि वही नाही."

काका पोहे खाता खाता थांबले. "काढ. आत्ता काढ सगळ्या."

म्हणजे ज्याला संगणकातलं काही कळत नाही त्या माणसाला दोन सेकंदांत कळलं, आणि आम्हा कळणाऱ्यांना इतकी वर्षं सुचलं नाही. माझ्या मते हा ज्ञानाचा प्रश्नच नाही. लोखंडाची किल्ली खिशात टोचते, हरवली तर हात लागत नाही. ही किल्ली टोचत नाही. म्हणून तिला वही लागते.

सगळ्या मात्र एका दमात काढता आल्या नाहीत, हेही सांगायला हवं. मी फुशारकीनं ओळखीच्या सोडून बाकी ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह लावलं, म्हणजे त्या निष्प्रभ. कोण ओरडतं ते बघायचं ठरवलं. सोमवारी सकाळी मुलाचा फोन, "सर, रात्रीचा बॅकअप आलाच नाही." बिनशेऱ्याची एक किल्ली बॅकअपच्या स्क्रिप्टची होती! म्हणजे शेरा नसल्यामुळे चोर कोण हे जसं कळत नव्हतं, तसं गडी कोण हेही कळत नव्हतं. मी आधी जे करायला हवं होतं ते मग केलं. 'एसएसएच-कीजेन'ला फाइल दाखवली की ती प्रत्येक किल्लीचा फिंगरप्रिंट देते, आणि यशस्वी लॉगिनच्या लॉगमध्येही तोच फिंगरप्रिंट येतो. दोन्ही जुळवून पाहिलं की कोणती किल्ली खरोखर वापरात आहे ते कळतं. हे काम आधी, हॅश नंतर. माझ्या चुकीतून एवढं तरी शिका.

नव्या सर्व्हरवर मग आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगतो. ही माझ्या मते कमीत कमी गरज आहे, चैन नव्हे.

माणशी एक खातं. रूटचं थेट लॉगिन बंद. २०१५ पासून ओपनएसएसएच रूटला पासवर्डनं आत घेत नाही, पण किल्लीनं घेतं, तेव्हा तेही मुद्दाम 'नो' करायचं. अर्थात आधी स्वतःचं खातं बनवून, त्याला सुडोचे अधिकार देऊन, चालतंय हे बघूनच! जादा अधिकार लागले की सुडो, म्हणजे कोणी काय केलं ते त्याच्या नावावर लागतं. सगळे एकाच खात्यातून येत असतील तर लॉग पाहून ते उलगडणं महाकठीण. आणि लॉग हा आता फक्त आपल्या सोयीचा मामला नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलंय, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला. लघु-मध्यम उद्योगांना त्यात २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, ती केव्हाच संपली. सहा तासांत कळवायचं आणि लॉगमध्ये नुसतं 'रूट, रूट, रूट' असेल तर कळवणार काय, कपाळ?

प्रत्येक किल्लीला शेरा: माणसाचं नाव, यंत्र, महिना-वर्ष. बाहेरच्या माणसाला द्यायची असेल तर मुदतीसह. २०१८ पासून त्या ओळीतच संपण्याची तारीख लिहिता येते, पण ती सोय वापरताना मी फार कोणाला पाहिलेलं नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टला वेगळं खातं, आणि तिच्या ओळीत बंधन घातलं की ही किल्ली एवढी एकच आज्ञा चालवू शकेल, बाकी काही नाही. गड्याला कोठाराची किल्ली द्यायची, तिजोरीची नाही. माणसं पन्नास-शंभर असतील तर एसएसएचची प्रमाणपत्रं वापरावीत. ती २०१० पासून आहेत, आणि किल्ली देतानाच मुदत घालता येते. पाच माणसांना वही पुरते.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्यांदा लॉगिन करताना सर्व्हर आपला फिंगरप्रिंट दाखवतो आणि विचारतो, विश्वास ठेवू का? आपण काय करतो? न वाचता 'येस'. म्हणजे पाहुण्याची ओळख दारात तपासली, आणि घर आपलंच आहे का हे तपासलंच नाही. मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए यजमान-किल्ली चुकून काही काळ जाहीर झाली, म्हणून त्यांनी ती बदलली. तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर तो मोठ्या अक्षरांतला इशारा झळकला. किती जणांनी नवा फिंगरप्रिंट जुळवून बघितला असेल? आम्ही काकांच्या सर्व्हरचा फिंगरप्रिंट छापून लाल वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.

यावर आक्षेप ठरलेला. "पाच माणसांचं ऑफिस रे आपलं, इथे कोणाला वेळ आहे हे सगळं करायला?" आक्षेप खोटा नाही. मोठ्या कंपनीत यासाठी माणसं नेमलेली असतात, छोट्या जागी ज्याला थोडं संगणकाचं कळतं त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. पण मोठ्या कंपनीचा विदा गेला तर बातमी होते, वकील येतात, कंपनी बहुतेक वेळा राहते. छोट्याची बिलं गेली तर दुकानच बसतं. आणि वेळेचं म्हणाल तर पाच माणसांची यादी तीन महिन्यांतून एकदा वाचायला खरोखरच पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांचं खरं काम असेल तर ते हे आहे. तेच नेमकं कोणी सांगत नाही, आणि त्यासाठी कोणी पोह्यांना बोलावतही नाही.

काकांच्या नव्या सर्व्हरवर आता ६ किल्ल्या आहेत. पाच माणसांच्या, एक बॅकअपची. त्यात माझी नाही. काम झाल्यावर शेवटची गोष्ट म्हणून माझीच ओळ मी काढली, आणि काकांनी लाल वहीत माझ्या नावासमोर 'परत' असं लिहून माझी सही घेतली. इतक्या वर्षांच्या ओळखीत सही कसली, असं मुलगा म्हणाला. काका म्हणाले, "ओळख आहे म्हणूनच." जुना सर्व्हर बंद करून डिस्क त्यांच्यासमोर पुसली.

तो जुना लॅपटॉप घेतलेल्या पोराचा नंबर मात्र माझ्याकडे नाही. त्या किल्लीनं आता कुठलंच दार उघडत नाही, निदान मला माहीत असलेलं. पण २०१६ ते २०१९ मध्ये मी हौसेनं आणखी किती जणांची पाच मिनिटांची कामं करून दिली? घरी आल्यावर यादी करायला बसलो. सात नावं आठवली. या वीकांतापर्यंत चौघांना फोन झालेत. दोघांकडे माझी ओळ अजून जागेवर होती.

तुमच्याही हातून अशी कामं झाली असतील, तर आज चहा घेता घेता ती फाइल उघडा. रूटची, आणि प्रत्येक खात्याची. नावाच्या शेवटी २ असलेलं तिचं भावंडही बघा, तेही मुळात वाचलं जातं. ओळी मोजा, मग माणसं मोजा. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर निदान पहिली ओळ आपलीच आहे का ते बघा.